टाकीचा श्रावण

“मॅडम, शेगडी पेटत नाहीये. गॅस येतोय, पण काडी धरली की काडीच विझतेय.”

फोन मानसीचा होता. तिच्या मागे कोणीतरी पुरुष चढ्या आवाजात वासाबद्दल बोलत होता. आपलं बोलणं फोनवर ऐकू जाईल याची त्याला फिकीर नव्हती. उलट ते जावं हीच इच्छा असावी.

“टाकीत आता काहीही घालू नका,” मी म्हटलं. “मी येते.”

माझी सगळी नोकरी एका कारखान्याच्या सांडपाणी विभागात गेली. केमिकल इंजिनिअर म्हटलं की लोकांना पांढरा कोट दिसतो. माझ्या पायात गमबूट असायचे आणि घरी गेल्यावर सासूबाई आधी आंघोळ म्हणायच्या, मग चहा. निवृत्त झाल्यावर विरारच्या एका कॉलेजने फायनल इयरच्या मुलांना प्रोजेक्टसाठी गाईड करायला बोलावलं. मला शिकवण्याची फारशी हौस नाही, स्वभावही तापट. पण मानसी आणि मेल्विन ही जोडी पहिल्याच दिवशी कॅन्टीनची खरकट्याची बादली घेऊन माझ्या टेबलापाशी आली. म्हटलं, ही मुलं कामाची आहेत.

मानसी बोळिंजची. तिच्याच सोसायटीतल्या ओल्या कचऱ्यावर चालणारी बायोगॅसची टाकी त्यांनी डिझाइन केली होती. कचरा वाटायचा, पाण्यात कालवून बंद टाकीत सोडायचा. आत हवा नसते. जंतू तो कचरा खातात आणि गॅस सोडतात. तो गॅस नळीने वॉचमनच्या केबिनमागच्या शेगडीला जोडला होता. तिथे वॉचमन आणि झाडूवाल्या बायकांचा चहा व्हायचा.

कमिटीने टाकीसाठी पार्किंगच्या टोकाचा कोपरा दिला होता, पण गणपतीपर्यंतच. त्या कोपऱ्यापर्यंत मंडप येतो. तोवर टाकी नीट चालली तर पुढचं बघू, नाहीतर उचला. मानसीने जनरल मीटिंगमध्ये उभं राहून ही परवानगी मिळवली होती. दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा करायला शिकवलं होतं. लिफ्टमध्ये काही जण तिला हसत हसत ‘कचरावाली’ म्हणायचे. हसत म्हटलेलं जास्त लागतं.

मी पोचले तेव्हा ती टाकीशेजारी उकिडवी बसली होती. मेल्विन नळी तपासत होता. हा वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्यांच्या घरातला. बोलणं कमी, हात चालू.

“लिकेज नाय मॅडम. सगले जॉइंट बगितले.”

मी टाकीतलं थोडं पाणी काढून पीएचची पट्टी बुडवली. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. अशा टाकीत तो सातच्या आसपास हवा. पट्टीचा रंग बघून मानसीनेच डोळे मिटले. टाकी चक्क आंबली होती.

इथे थोडं समजावून सांगते. टाकीत दोन जातींचे जंतू असतात. पहिले कचरा खाऊन त्याचं आम्ल करतात, दुसरे ते आम्ल खाऊन जळणारा गॅस करतात. पहिल्यांचा हात लगबगीचा, दुसऱ्यांचं खाणं सावकाश. पंगतीत वाढपी घाई करतात आणि जेवणारा आजोबा असतो, तसं. आम्ल साठत गेलं की दुसरे जंतू काम सोडतात. मग नळीतून बहुतेक कार्बन डायऑक्साइड येतो, आणि तो आग लावत नाही, विझवतो.

“जास्त भरलंत का?”

“नाही मॅडम. रोज वजन करूनच घालतो. आणि कचरा तोच, त्याच घरांतला.”

“तोच?” मी सकाळची भरलेली बादली घेतली आणि फरशीवर उपडी केली. वरून कोणीतरी बाल्कनीतून “शी!” म्हणालं. मी वर बघितलंसुद्धा नाही.

साबुदाणा. उकडलेल्या बटाट्याची सालं. केळ्याची सालं. वरीचे तांदूळ. पुन्हा साबुदाणा. तळाशी राजगिऱ्याच्या लाडवाचा भुगा.

मेल्विन काडीने उलथापालथ करत होता. मग थांबला.

“मॅडम, याच्यात एक पन काटा नाय.”

मानसीने कपाळावर हात मारला. “श्रावण!”

मुलांनी सर्व्हे केला होता मे महिन्यात. तेव्हा सोमवारच्या बादलीत रविवारचे माशांचे काटे, खवले, कोंबडीची हाडं, अंड्यांची टरफलं. मांजरं मागे लागायची. त्याच कचऱ्यावर सगळं डिझाइन बेतलेलं. मासळी-मटणातल्या प्रथिनांचा अमोनिया होतो आणि तो आम्लाला आवर घालतो. श्रावण लागला, बिल्डिंगभर उपासतापास सुरू झाले, आणि टाकीत नुसता पिठूळ माल पडू लागला. आम्ल भरपूर, आवर घालणारं कोणी नाही. माणसं उपास करून शुद्ध झाली, टाकीला मात्र अॅसिडिटी झाली.

मला हसू आलं. मानसीला आलं नाही. “मॅडम, गणपती आलेच. पप्पांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलंय, माझ्या मुलीची गॅरंटी म्हणून.” एवढं बोलून ती फरशीवरचं पुन्हा बादलीत भरू लागली. तेव्हा माझंही हसू गेलं.

पहिला उपाय सोपा. खाणं बंद, आणि चुन्याची निवळी थोडी थोडी. माणसाला लंघन घालतात तसंच. पट्टीचा रंग सुधारला. पण कचरा द्यायला लागलो की पुन्हा घसरण. चुन्यावर टाकी जगवणं म्हणजे गोळ्यांवर माणूस जगवण्यासारखं. रोजच्या खाण्यातच काहीतरी हवं होतं.

“मासली देऊ ना,” मेल्विन म्हणाला. “बोटी लागल्या आता. माजी मावशी पाचूबंदरला लिलावात बसते. डोकी, आतडी, पायजे तेवडी. मी तिला सांगून पन ठेवलंय.”

शास्त्राच्या दृष्टीने उत्तर बरोबर होतं. आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. सावंतकाका मूळचे देवगडकडचे, मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले. सोसायटीतल्या प्रत्येक नळाचा वॉशर त्यांना पाठ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम, मी स्वतः बांगड्याशिवाय जेवत नाही. अकरा महिने. पण श्रावणात आवारात मासळीचं पिंप आणू? बायका मला बिल्डिंगमध्ये राहू देतील?”

“बंद पिंप असेल. वास येणार नाही,” मी आवाज चढवला. “लोकांनी उपास करावा, टाकीने का करावा?”

“मॅडम, नको,” मध्येच मानसी म्हणाली. “काका बरोबर बोलतायत. माझी आईपण पाळते. लोक आपल्याला त्यांच्या घरातला कचरा देतात, तोही निवडून. त्यांच्या दारात काय यावं हे त्यांनीच ठरवायला हवं.”

मला राग आला होता, पण मुद्दा तिचा खरा होता. मेल्विनने मान हलवली आणि मावशीला फोन करायला बाहेर गेला. तिने दोन टब बाजूला काढून ठेवले होते. “राहू दे मावशे, त्यांचा उपास हाय,” एवढंच आम्हाला ऐकू आलं. पोराच्या आवाजात तक्रार नव्हती. मला त्याचंच वाईट वाटलं.

तो परत आला तो नवीन कल्पना घेऊन. “मॅडम, मूत्रात युरिया असतो. त्याचा पन अमोनियाच होतो ना?”

“होतो.”

“मग काका, गोमूत्र चालेल? श्रावणात त्याला कोन नाय बोलनार?”

सावंतकाका खुर्चीत सरळ झाले. “गोमूत्र? अरे, मग विचारतोस काय! खुशाल आण.”

टाकीला मासळीचा अमोनिया काय आणि गोमूत्राचा काय, सारखाच. माणसांना नसतो. बाहेर आल्यावर मी मेल्विनच्या पाठीवर थाप मारली. मी फार कमी जणांच्या पाठीवर मारते.

दुसऱ्या दिवशी आम्ही चंदनसारला एका तबेल्यात गेलो. मालकाने आनंदाने हो म्हटलं, नाहीतरी सगळं गटारातच जात होतं. मुलं कॅन भरायला आत निघाली आणि दारातच थांबली. मीही थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या पाठी. सगळ्या म्हशी. गाय औषधालाही नव्हती.

आता तबेला म्हणजे म्हशी, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिघेही शिकलेले, त्यात एक निवृत्त अधिकारी.

“टाकीला काय फरक पडतो?” मेल्विन हळूच म्हणाला.

“काहीच नाही,” मी म्हटलं. कॅन भरले.

सोसायटीत पोचलो तो श्रावणी सोमवार. सावंतकाका गेटवरच उभे. अंगावर धुतलेला सदरा, कपाळाला गंध, हातात पितळेची वाटी.

“आणलंत? वा! मला जरा वाटीभर द्या. घरात शिंपडतो.”

मेल्विनने माझ्याकडे पाहिलं. मी कॅनकडे. खरं सांगू? माझ्या मनात आलं, देऊन टाकावं. काकांचं समाधान होईल, टाकी वाचेल, कोणाचं काही बिघडणार नाही. मी झाकणाला हातही घातला होता.

“काका,” मानसी म्हणाली, “हे म्हशीचं आहे.”

वाटी हवेतच राहिली. जिन्यात दोन बायका उभ्या होत्या, त्यांतली एक फिस्सकन हसली. काकांचा चेहरा लाल झाला. मानसीचा पांढरा पडला होता, पण ती बोलत राहिली. “आम्ही गोमूत्र म्हटलं होतं, पण तबेल्यात गाय नव्हती. तुम्ही नको म्हणालात तर परत नेतो.”

काकांनी वाकून कॅन नीट न्याहाळला.

“म्हैस मासे खाते?” त्यांनी विचारलं.

“नाही काका.”

“मग घाला.” त्यांनी वाटी सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि मागे न बघता जिना चढून गेले.

आम्ही मूत्र पातळ करून, रोज बेताने घालू लागलो. जास्त झालं तर तोच अमोनिया जंतूंना मारतो. साबुदाण्याचा मारा चालूच होता, म्हणून कचराही कमी घेतला आणि उरलेला कॉलेजच्या खतखड्ड्यात नेला. मुलं सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवायची. पट्टीचा रंग हळूहळू जागेवर आला आणि तिथे टिकला. मग एका दुपारी मेल्विनने काडी धरली आणि ती विझली नाही. निळी, बुटकी ज्योत. मानसी रडली. मी चष्मा पुसला.

मंडपाचे बांबू आले त्या रविवारी मीटिंग झाली. मलाही बोलावलं होतं. टाकी हलवावी असं म्हणणारे बरेच होते. एक गृहस्थ म्हणाले, शेगडी आज पेटली, उद्याचं काय? मुलं पास होऊन जातील, खिडकीखाली गॅसची टाकी आमच्या राहील.

मी उत्तर द्यायला उठले. माझ्याकडे आकडे होते, सेफ्टी व्हॉल्व्हचं चित्र होतं. सावंतकाकांनी हाताने मला बसवलं.

“टाकीतलं मला काही कळत नाही,” ते म्हणाले. “मला भीती एकच होती. आत काही बिघडलं तर ही मुलं आपल्याला सांगतील का? प्रोजेक्ट बुडेल म्हणून झाकतील? त्या श्रावणी सोमवारी या मुलीने भर गेटवर माझी फजिती केली. गप्प बसली असती तर मी ते घरभर शिंपडलं असतं आणि वर तिला आशीर्वाद दिला असता. जिने म्हैस लपवली नाही, ती गळती लपवणार नाही. मंडप चार हात अलीकडे घ्या.”

मागच्या रांगेत मानसीचे पप्पा बसले होते. त्यांनी रुमाल काढला आणि उगाचच घाम पुसला.

टाकी राहिली. मुलांनी रिपोर्ट नव्याने लिहिला. त्यात आता पंचांगाप्रमाणे टाकीचा आहार आहे. चातुर्मास, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. मेल्विनने वसईच्या ख्रिस्ती गावांसाठी ईस्टरआधीचा उपासकाळही घातला.

धंद्यातली गोष्ट म्हणून सांगायची तर एवढीच: टाकीचं माप घेण्याआधी वर्षभर लोकांच्या ताटात काय पडतं ते बघावं. आणि माझ्यासारख्या अनुभवी माणसाचा हात कॅनच्या झाकणावर असेल तेव्हा, शक्यतो शेजारी एक विद्यार्थी ठेवावा.