भिंगरीची पाठ

“ऊठ! आरं ऊठ, पाठ टेकली तुझी! ऊठ, गाढवा!”

वस्ताद ओरडत होते ते माझ्या मोबाइलवर. मोबाइल मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता, कारण तेरच्या तालमीत त्या संध्याकाळी अख्खं गाव घुसलं होतं आणि उरलेलं निम्मं बाहेर खिडक्यांना लटकलं होतं. मुंबईतल्या कुठल्याशा जाळीच्या पिंजऱ्यात आमचा भिंगरी उताणा पडला होता. त्याच्या छाताडावर उत्तरेकडचा एक रेडा. वस्तादांच्या आवाजानं तेरणा नदीपल्याडच्या म्हशी बसलेल्या उठल्या असतील. पण तो मुंबईला काही पोचेना आणि भिंगरी काही उठेना.

भिंगरी पडून राहिलाय, हेच मुळात आम्हाला पटत नव्हतं. पडून राहणं, बसून राहणं, एका जागी उभं राहणं या तिन्ही कला त्याला जन्मापासून येत नव्हत्या. धाराशिवला कॉलेजात असताना वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. तो झोपेतसुद्धा जोर मारायचा. मी निजताना माझी खाट भिंतीला लागून असायची, सकाळी जाग यायची ती दारात. एकदा तर मी खाटेसकट रेक्टरच्या ऑफिससमोर जागा झालो, आणि त्यांनी मला हजेरीला सगळ्यात आधी आल्याबद्दल शाबासकी दिली.

धाराशिव ते तेर एसटीत तो कधी बसला नाही. कंडक्टरपासून ड्रायव्हरपर्यंत आणि ड्रायव्हरपासून कंडक्टरपर्यंत येरझाऱ्या. शेवटी एका कंडक्टरनं हात जोडले. “पैलवान, तुमचं अर्धंच तिकीट फाडतो. निम्मी वाट तुमी चालतच आलाव.”

आमच्या भागातल्या काळ्या शेळ्यांचं नाव मोठं. वसतिगृहामागं एका म्हातारीकडं अशा शेळ्या होत्या आणि खुराकाचं दूध तिथून यायचं. भिंगरी दुधाला जायचा तोही पळत. त्याला बघून शेळ्या उधळायच्या त्या थेट येडशीच्या रामलिंगापर्यंत, आणि हा मागं. परत येईपर्यंत दुधाचं ताक होऊन लोणी वर आलेलं असायचं. म्हातारी म्हणायची, “माझी रवी मोडली तवापास्नं ह्यालाच धाडते म्या.”

कुस्तीही तशीच. समोरचा गडी हात घालेपर्यंत हा त्याच्या मागं जाऊन उभा, आणि वर मागून विचारायचा, “कुणाला हुडकालाव?” कॉलेजच्या सगळ्या कुस्त्या त्यानं मारल्या. विद्यापीठात त्याच्याशी लढलेला एक पैलवान अजून रस्ता ओलांडताना मागं वळून बघतो असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, पण खरं असावं.

आता या सगळ्यावर एक माणूस होता, तो म्हणजे तेरचे वस्ताद. त्यांच्या तालमीचा एकच कायदा. “छाती तुझी, मांड्या तुझ्या. पाठ तालमीची.” ज्याची पाठ मातीला लागली त्यानं कुस्तीच्या हौदाबाहेर बसायचं; वस्ताद स्वतःच्या पंच्यानं पाठ पुसतील तेव्हाच पुन्हा मातीत पाय टाकायचा. काहींची पाठ त्यांनी दुसऱ्या दिवशी पुसली, काहींना अख्खा उन्हाळा उंबऱ्यावर सुकवलं. त्यांची स्वतःची पाठ? ती मातीला लागलेली हयात माणसांत कुणी पाहिलेली नाही. झोपतातसुद्धा कुशीवर, असं त्यांच्या मालकीणबाई सांगायच्या.

कॉलेज संपलं तसा भिंगरी आणखी फिरायला लागला. मॅटवरच्या कुस्तीत शिट्टी वाजली की थांबा, रेषेबाहेर गेलं की थांबा, याचा त्याला वीट आला होता. मग कुणीतरी त्याला पिंजऱ्यातली कुस्ती दाखवली. त्यात लाथा, बुक्क्या, धरपकड सगळं चालतं आणि जाळीमुळं बाहेर जायचा प्रश्नच नाही. “इथं कुणी थांबवत न्हाय,” तो म्हणाला, आणि त्याच आठवड्यात मुंबईला गेला. आज तो तिकडं समुद्रापल्याड लढतो. फोन करतो तोही चालता चालता. निम्मं बोलणं त्याचं असतं, निम्मं वाऱ्याचं.

पण मुंबईतली पहिली लढत. शिट्टी झाली, भिंगरीनं गड्याला उचलला, आपटला, दोन्ही खांदे टेकवले. आणि उठला. शड्डू ठोकला, चारी दिशांना नमस्कार केला, आणि पडलेल्याला उठवायला हात पुढं केला, जसं आमच्याकडं जिंकलेल्यानं करायचं असतं. त्या गड्यानं हात धरला आणि खालूनच अशी लाथ हाणली की भिंगरीला जाळीच्या चौकटी एकाच्या दोन दिसायला लागल्या. त्या खेळात पाठ टेकल्यानं काहीच संपत नाही. हे भिंगरीला ठाऊक होतं. त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या लढतीतही हात पुढं झालाच, आणि लाथही आलीच.

तिथल्या कोचनं मग स्पष्ट सांगितलं. “तू निम्माच आलायस. पाठ गावाकडं ठेवून आलायस.” उताणं पडून खालून लढायला शिक, नाहीतर पुढची हार झाली की सामान बांध.

भिंगरी विचारायला तेरला आला. सांगता सांगता तो हौदाभोवती इतका फिरला की तिथं बैलगाडीची चाकोरी पडली. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

“उताणं पडतं ते मढं,” ते म्हणाले.

“वस्ताद, मला अजून लढायचंय.”

“लढ की. कोण धरलंय? पाठ टेकवलीस तर ह्या हौदात पाय टाकू नको, इतकंच.”

त्याच्या तोंडाकडं मला बघवेना. बापाविना वाढलेलं पोर. घर म्हणून त्याच्याकडं जे होतं ते ही बारा बाय बाराची माती. तो चपला घालून निघाला. त्या दिवशी मात्र पळाला नाही.

मुंबईहून त्याचे फोन यायचे. आज काय केलंस, तर पडून राहिलो. उद्या काय, तर पडून राहणार. म्हणायचा, “लई अवघड हाय. वरचा गडी दाबालाय, आन् मी वाट बघालोय. हजार बैठका परवडल्या.” भिंगरीनं वाट बघायची म्हणजे वावटळीनं शिवणकाम शिकण्यातला प्रकार. पण शिकला.

तर मोबाइल डोक्यावर धरून मी उभा, वस्ताद ओरडतायत, आणि भिंगरी उताणा, गप्प. इतका गप्प की मला वाटलं फोन अडकला. मग त्याचे दोन्ही पाय वर आले, सावकाश, आणि त्या रेड्याच्या मानेभोवती कुलपासारखे बसले. रेडा हलला, फुरफुरला, आणि त्यानं भिंगरीच्या खांद्यावर दोनतीनदा हातानं थापटलं.

तालीम गार पडली. आमच्याकडं चितपट केल्यावर जिंकलेला हरलेल्याला असंच थोपटतो, वाईट वाटून घेऊ नको म्हणून.

“बघा,” वस्ताद म्हणाले. “हरवून वर कुरवाळालाय त्याला.” त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

आणि त्या खेळात थापटणं म्हणजे सोड बाबा, हरलो! पंचानं भिंगरीचा हात वर केला तेव्हा मी मोबाइल घेऊन वस्तादांमागं बाजारपेठेपर्यंत पळालो. जिंकलं पोरगं, वस्ताद, बघा तरी. त्यांनी ती लढत रस्त्यात उभं राहून पाहिली. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावली. मग म्हणाले, “जितला आसंल. पाठ टेकली ती टेकलीच.”

त्या जिंकण्यावर भिंगरीला परदेशातून बोलावणं आलं. निघायच्या आधी तो सकाळच्या एसटीनं तेरला आला. एक डोळा वांग्यासारखा निळा. मी त्याच्याबरोबर तालमीत गेलो. वस्ताद एकटेच हौदात होते, आमच्याकडं तोंड करून, खोऱ्यानं माती वरखाली करत. भिंगरी कडेला येऊन थांबला. हौदात पाय टाकला नाही, परत गेला नाही, हललाही नाही. खांब समजून एक चिमणी त्याच्यावर काड्या आणायच्या बेतात होती.

वस्तादांनी खोरं थांबवलं आणि विचारलं, “त्यो गडी थापटत हुता, तवा तुझा उजवा पाय कुठं हुता?”

“त्याच्या मानंमागं, वस्ताद. डाव्या गुडघ्याच्या लवणीत अडकवलेला.”

“हां. तिथंच अडत हुतं.”

मला काही कळेना. भिंगरीनं मात्र मान वर केली.

“फीर,” वस्ताद म्हणाले.

त्यानं सदरा काढला आणि तो फिरला. वस्तादांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याची पाठ पुसली, मानेपासून कमरेपर्यंत, दोनदा. पाठीवर एसटीच्या घामाशिवाय काही नव्हतं. “ये आत,” ते म्हणाले.

भिंगरीनं माती कपाळाला लावली, आणि मग लागला की फिरायला! हौदात असे वेढे घातले की धुरळ्यानं मी दिसेनासा झालो. तेवढ्यात स्टँडवर गाडीचा हॉर्न वाजला. वस्ताद खोरं ठेवायला वळले, आणि धुरळा बसता बसता आम्हा दोघांनाही त्यांची पाठ दिसली. मानेपासून कमरेपर्यंत माती. घामानं ओली, दाबून बसलेली, केसांतसुद्धा.

भिंगरीनं तोच पंचा उचलला आणि वस्तादांची पाठ पुसली, त्यांनी पुसली होती तशीच. ते पाठमोरे उभे राहिले. मग तो पाया पडला आणि गाडीमागं पळत गेला. गाडी उभीच होती, तरी पळत गेला.

माझ्या जिभेला हाड नाही. मी विचारलं, “वस्ताद, तुमच्या पाठीला माती कशी काय?”

वस्तादांनी तालमीच्या छपराकडं बोट केलं.

“त्या कोपऱ्यातला पत्रा सडलाय,” ते म्हणाले. “उभ्यानं आजवर दिसला नव्हता.”