घासलेला गुण्या

माझ्या हातांना स्वस्थता म्हणून नाही. बसल्या जागी काहीतरी पुसायचं, आवरायचं, घासायचं, हा माझा माहेरापासूनचा रोग. त्या वर्षीच्या नवरात्रात तर तो फारच बळावला होता. नवऱ्याच्या बदलीची ऑर्डर आज येते, उद्या येते, असं दोन महिने चाललं होतं. इंदिरा नगरातल्या त्या घरात नवे पडदे शिवावेत की ट्रंका भरायला घ्याव्यात, काही कळेना. रात्री डोळ्याला डोळा लागेना. मग काय, दिसेल ते घासत सुटले, आणि घासता घासता मामंजींच्या पेटीपर्यंत पोचले.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, लखनौच्या एका कारखान्यात उभी हयात काढून रिटायर झालेले. यंत्रांचे भाग जिथे केसाइतकाही फरक न ठेवता घडवतात त्या टूलरूममधले मिस्त्री. त्यांच्या लाकडी पेटीत मायक्रोमीटर, कॅलिपर, कंपास, कानशी अशी पन्नासेक जुनी हत्यारं होती. पण जीव सगळा एकाच वस्तूत. काटकोन तपासायचा एक वीतभर पोलादी गुण्या. तो त्यांना त्यांच्या उस्तादांनी मरण्याआधी दिला होता. पात्यावर विलायती कंपनीचं नाव होतं, अगदी पुसट. कारखान्यातला गोरा फोरमन देश सोडून जाताना आपल्या हाताने हा गुण्या देऊन गेला, असं उस्ताद सांगायचे.

आणि हे खोटं आहे असं सांगणारा माणूस आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. मामंजींच्याच टूलरूममधले मिस्त्रीजी, त्यांच्याहून दोन वर्षं आधी नोकरीला लागलेले. संध्याकाळी पार्कात दोघे एकाच बाकावर बसत, आणि रोज नाही तरी दिवसाआड मिस्त्रीजी खडा टाकत, "अमाँ यार, तुम्हारे उस्ताद ने तेज़ाब से ख़ुद लिखा था वो नाम. माल तो यहीं का है." मामंजी लालबुंद होऊन घरी येत. चहा पीत नसत. एकदा मी म्हटलं, "जाऊ द्या ना मामंजी, एवढंसं ते लोखंड!" तर म्हणाले, "लोखंडाचं नाही गं. माणूस खोटारडा ठरून गेला. सगळ्या कारखान्यात हसत होते त्याला."

त्या गणपतीत मराठी मंडळात त्यांची एका गृहस्थांशी ओळख झाली. जानकीपुरमला राहणारे निवृत्त इंजिनियर, जुनी हत्यारं जमवण्याचा आणि पारखण्याचा नाद. नावाची अक्षरं कशी कोरलीत ते पाहून ती बनवणाऱ्या कंपनीची की कुणी मागून लिहिलेली हे छातीठोक सांगू शकतो, असं ते म्हणाले. दसऱ्याला येतो म्हणाले. झालं! मामंजी बारावीच्या निकालाची वाट पाहावी तसे दिवस मोजायला लागले. मिस्त्रीजींनाही त्यांनी मुद्दाम बोलावून ठेवलं. त्यांच्या कानांनी ऐकायला हवं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे सांगलीला त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड लखलखीत करून पूजेला मांडायची पद्धत. विळी, कोयता, वडिलांचे पाने-पक्कड, सगळं. दुपारी मामंजी मोतीबिंदूच्या तपासणीला गेले, आणि मला वाटलं, एवढे पाहुणे येणार, आणि ही काळीकुट्ट हत्यारं काय दाखवायची? इथे ज्याला रेगमाल म्हणतात तो पॉलिश पेपर घेतला आणि बसले. कसलं समाधान वाटलं म्हणून सांगू! दोन महिन्यांत पहिल्यांदा डोकं शांत होतं. गुण्या तर शेवटी, सगळ्यात मन लावून घासला.

संध्याकाळी पाटावर हत्यारं मांडली, झेंडू वाहिला. मामंजींनी हात जोडले. मग गुण्या उचलला, पात्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मला वाटलं, गहिवरले.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आले. बाहेरच्या खोलीत मिस्त्रीजी आधीच येऊन बसले होते. इंजिनियरांनी ट्यूबलाईट बंद करायला सांगितली, खिडकीशी गेले आणि डोळ्याला भिंग लावून एकेक वस्तू तिरप्या उजेडात धरायला लागले. मायक्रोमीटरवरच्या रेघा पाहिल्या, आटे फिरवून पाहिले, आणि हळहळले, "अरे अरे अरे. जुन्या पोलादावरचा काळा थर कधी काढत नाहीत हो! वय त्यावरूनच कळतं. अर्धी किंमत गेली की याची." मग गुण्या घेतला. कागदाच्या कडेला तो टेकवून रेघ मारली, उलटा करून त्याच जागी दुसरी मारली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. "काटकोन अस्सल आहे," ते म्हणाले. "पण चांगला कारागीर इथेही एवढा अचूक करतो. नाव असतं तर सांगितलं असतं. इथे होतं, पण घासून गेलंय. आता कुणीच सांगू शकणार नाही. कोणी घासलं हे?"

"मीच," मामंजी म्हणाले. "डोळ्यांना दिसत नाही ना हल्ली."

जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस! मला राहवेना. "नाही हो, मी घासलं! काल, पूजेसाठी. मी मूर्ख आहे!" म्हणून मी तिथेच रडायला लागले. पाहुण्यांसमोर, पदराचं भान नाही, काही नाही. मामंजी नुसतं "असू दे, सूनबाई, असू दे" म्हणत राहिले.

मला भीती होती मिस्त्रीजींची. आता हा माणूस हसणार. आता तो म्हणणार, लो, सबूत ही साफ़ हो गया. हसला असता तर मी चहाची किटली त्याच्या अंगावर ओतली असती, देवाशपथ.

मिस्त्रीजींनी कप खाली ठेवला. त्या चकाकणाऱ्या पात्याकडे बघितलं.

"नाम असली था," ते म्हणाले. "साहब ने मेरे सामने दिया था. मैं बग़ल वाली मशीन पर था."

इंजिनियरांनी भिंग खिशात टाकलं. मला वाटलं, मामंजी आता उठून त्यांना मिठी मारतील. इतकी वर्षं जे ऐकायला तरसले होते तेच ऐकलं होतं त्यांनी. मामंजी उठले खरे. पण त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मिस्त्रीजींना पुढे वाकावं लागलं.

"तो उस्ताद के जीते-जी क्यों नहीं बोला?"