बसलेली गाडी आणि तिचे दोन मालक

"मिस्त्री, तुम्हाला नेमकं कोणी बोलावलं?" बाईंनी विचारलं.

मी बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा होतो. खरं उत्तर द्यायचं तर दोघांचं नाव घ्यावं लागलं असतं.

माझं काम हायड्रॉलिकचं. लातूरला एमआयडीसीत वर्कशॉप आहे. जेसीबीचा हात वर जात नाही, टिपरचा मागचा डाला अर्ध्यात अडकतो, ट्रॅक्टरची लिफ्ट आपोआप खाली येते, अशी गिऱ्हाइकं माझी. कारशी संबंध फक्त बसण्यापुरता. पण त्या आठवड्यात देवणीहून दोन फोन आले. पहिला एका रिटायर्ड वकीलसाहेबांचा. "जुनी फ्रेंच गाडी हाय माझ्याकडं. बसलीय. उठवून द्या, मला चालवायचीय. मिसेसला काही बोलू नका." दुसरा दोन दिवसांनी, एका बाईंचा. "पोर्चमध्ये गाडी बसलीय. क्रेनचा हूक तिच्याखाली जाईना. तेवढी उचलून द्या. साहेबांना काही बोलू नका." पत्ता एकच. मला वाटलं, नवराबायको एकमेकांना सरप्राइज देऊन राहिले.

गाडी पाहिली आणि मी आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. लांबलचक, गडद निळी, आणि कोंबडी अंड्यांवर बसावी तशी फरशीवर पोट टेकून बसलेली. खाली जॅक सोडा, चप्पलसुद्धा जात नव्हती.

या गाडीला स्प्रिंग नसतात. प्रत्येक चाकावर गॅस भरलेला एक लोखंडी गोळा असतो. इंजिन चालू झालं की पंप तेलाचं प्रेशर बनवतो आणि त्या प्रेशरवर गाडी उचलली जाते. ब्रेकही त्याच प्रेशरवर. म्हणजे जेसीबीचंच तत्त्व, फक्त इस्त्रीच्या कपड्यातलं. याआधी आलेल्या एका मेकॅनिकनं स्प्रिंग बदलायला सांगितले होते. दिवसभर शोधूनही त्याला ते सापडले नाहीत. दुसरा टाकीत ब्रेक ऑइल ओतायला निघाला होता. वकीलसाहेबांनी त्याला गेटबाहेर काढलं, आणि तेवढं एक काम बरोबर केलं. या गाडीला वेगळं हिरवं तेल लागतं. ब्रेक ऑइल गेलं की आतले सगळे रबर सील फुगून संपतात.

मी इंजिन चालू करायला सांगितलं. एका झटक्यात चालू झालं, साहेब दर आठवड्याला ते चालू करून बघायचे. गाडी मात्र हलली नाही. तेलाच्या टाकीत पाहिलं तर ताकासारखा फेस. फेस म्हणजे पंप तेलाबरोबर हवा ओढतोय, आणि हवेवर दीड टनाची गाडी उठत नसते. टाकीतून पंपाकडे जाणारा रबरी पाइप हातानं वाकवला. त्याला बोटभर चीर.

तेवढ्यात गेटपाशी क्रेन आली. भंगारवाले रौफभाई उतरले आणि मला म्हणाले, "हाव, बाईंनी बोलावलं. तुम्ही उचला, मी नेतो."

"कुठं नेतो?" वकीलसाहेबांनी विचारलं.

नेमकं कोणी बोलावलं, हा प्रश्न बाईंनी मला तेव्हाच विचारला. मी म्हणालो, "बाई, दोघांचाही फोन होता. काम सारखंच निघालं म्हणून मी काही बोललो नाही."

मग दोघं एकमेकांकडे वळले.

"चार वर्षं झाली, या गाडीमुळं पाहुणे आपल्याकडं मागच्या दारानं येऊन राहिले," बाई म्हणाल्या. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आवाज चढवायची गरज पडत नव्हती.

"गाडी चांगली हाय," साहेब म्हणाले.

"चालते का?"

"न्हाई."

साहेबांची सगळी हयात दिवाणी कोर्टात गेली होती. इथं त्यांच्या बाजूनं एकही पुरावा नव्हता.

"काम थांबवू का?" मी विचारलं.

"न्हाई," दोघंही म्हणाले.

मी व्हॅनमधून त्याच मापाचा ऑइलचा पाइप कापून आणला, क्लिपा आवळल्या, साहेबांनी जपून ठेवलेलं हिरवं तेल भरलं, स्क्रू ढिला करून हवा काढली. परत इंजिन. अर्धं मिनिट काही नाही. रौफभाईंनी घड्याळ पाहिलं. मग गाडीनं आधी मागचा भाग उचलला, मग पुढचा. अगदी देवणी बैल उठतो तशी, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखी.

रौफभाई हूक घेऊन पुढं झाले. साहेब चटकन स्टिअरिंगवर जाऊन बसले. सत्तरीचा माणूस इतका चपळ मी पाहिला नव्हता.

मी गाडीची उंची ठरवणारा मधला दांडा वरच्या खाचेत टाकून पाहत होतो. गाडी आणखी वर आली. बाई जवळ आल्या.

"ही अशी पाहिजे तेवढी वर येते?"

"टप्पे आहेत, बाई."

"मुलाच्या गाडीत चढायला मला स्टूल लागतं. भाच्याच्या गाडीतून उठताना दोघं लागतात. गुडघे." त्यांनी सीटची उंची हातानं मापली. खुर्चीएवढी होती. त्या बसल्या. न वाकता, न धरता. मी दांडा मधे आणला, गाडी त्यांना घेऊन अलगद खाली आली.

"अहो, हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?" साहेब म्हणाले.

कंपाउंडमध्ये तीन फेऱ्या मारून मी ब्रेक तपासले. मग आम्ही तिघं उदगीर रोडला गेलो. त्या रस्त्याचे खड्डे मला तोंडपाठ आहेत. दोन किलोमीटरवर बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. "आपण रस्त्यावरच आहोत ना?"

परत आलो तेव्हा रौफभाई क्रेनला टेकून उभे होते. बाई म्हणाल्या, "रौफभाई, चहा घेऊन जा." ते समजले. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, क्रेनच्या सीटखाली असलं काही बसवता येईल का. मी नाही म्हणालो.

मागचे दोन गॅसचे गोळे नंतर बदलले. बाई आता दर महिन्याला त्याच गाडीतून लातूरला हाडांच्या डॉक्टरकडे येतात. साहेब ड्रायव्हर.

मी मात्र तेव्हापासून काम घेताना एक प्रश्न जास्तीचा विचारतो. उचलून तर देईन, पण उचलल्यावर त्याचं करायचं काय? बरेच लोक यावर नुसतं बघू म्हणतात. मग मी सांगतो, आधी घरात विचारून घ्या.