नेटवर्क नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलणं. जानेवारीची दुपार. भिलाई-3 च्या घरासमोर उन्हात खाट टाकलेली. मी फोलपटं दाण्यांच्या ताटात टाकत होतो आणि ती निमूटपणे वेचून काढत होती.

"प्लांटवाल्यायनं तुमाले एवढे वर्षं ठेवलं तरी कसं?" बायको म्हणाली.

"तिथं शेंगा नव्हत्या."

ती हसली. मग हळूच म्हणाली, "आज बाईले लावून देता का? चेहऱ्यावाला फोन?"

बाई म्हणजे तिची मोठी बहीण, माझी आकडसासू. साकोलीकडच्या गावात असते. मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहे. इकडे हिचे गुडघे गेलेले. दोन वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. साध्या फोनवर बोलायच्या, त्यानं भागत नव्हतं. बाईच्या सुनेकडे मोठा फोन होता. आमच्याकडे मुलानं पाठवलेला होता. लावायचाच काय तो बाकी होता.

"नेटवर्क नाही," मी म्हणालो.

"कालही नव्हतं."

"मंग मी का करू? टावर मी उभा केला का?"

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता ती ओट्याजवळ खाली बसली. ऑटो येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नेटवर्क होतं. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा पूर्ण असायच्या. मला तो चेहऱ्यावाला फोन लावता येत नव्हता आणि तसं तिला सांगायचं नव्हतं. एवढीच गोष्ट आहे. बाई तिकडून सांगायची, आम्ही लावतो तर लागत नाही. ही सांगायची, इकडं नेटवर्क नाही म्हणतात. माझं खोटं दोघी मिळून खरं करून देत होत्या.

मी चौथी शिकलो, ती सातवी. फोन तिच्या हातात राहिला असता तर दोन दिवसांत शिकली असती. एकदा घेतला होता तिनं. मी हिसकून घेतला. म्हणालो, "ज्या बटनाचं माहीत नाही त्याले हात लावू नको." हा प्लांटातला नियम. पोलाद कारखान्यात मी कन्व्हेअर बेल्टवर होतो. तिथं भलतं बटन दाबलं की कोणाचा तरी हात जातो. पण तिथं दुसराही नियम होता, येत नसेल तर येत नाही म्हणायचं. इंजिनियरच्या तोंडावर मी ते कितीदा म्हटलं आहे. तिथं लाज वाटली नाही. घरी वाटली, कारण ती शेजारणींना सांगायची, "यायले सगळं येते."

तेरवी झाली. मुलगा नोकरीवर परत निघाला. जाताना म्हणाला, "पापा, फोन चलाना आता है ना?" मी म्हणालो, "हौ."

तो गेल्यावर बाईचा साधा फोन आला. तिला मातीलाही येता आलं नव्हतं, तेरवीलाही नाही. म्हणाली, "भाऊजी, मले तिचं घर तरी दाखवा. फोटोले हार घातलेला दाखवा."

मी म्हणालो, "नेटवर्क नाही, बाई."

तोंडातून निघून गेलं. बायको जाऊन पंधरा दिवस झाले होते, आणि मी तिच्या बहिणीला तेच सांगत होतो.

"एवढा मोठा कारखाना अन् तुमच्याइथं नेटवर्क नाही?" बाई म्हणाली. मग म्हणाली, "बरं."

बहिणीच त्या. बरं सारखंच म्हणायच्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सेक्टर 2 मध्ये मराठी लोकांच्या हॉलात बुधवारी म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवतात. मी गेलो. सहासात जण होते. शिकवणाऱ्या मॅडम ऑफिसातून रिटायर झालेल्या. माझ्या शिफ्टमधला एक जुना जोडीदारही बसला होता.

"का गा, तू कावून आला? तुले त सगळं येते म्हने."

"असाच आलो. पाहायले."

मॅडमनी माझा फोन माझ्याच हातात ठेवला. "काका, वरून खाली बोट ओढा." ओढलं, तसा शटर उतरल्यासारखा एक पडदा खाली आला. "हे दोन बाण दिसतात ना, राखाडी? तुमचं नेट बंद आहे. कोपऱ्यातल्या रेघा बोलण्यासाठी. हे वेगळं. कधीपासून बंद आहे?"

मला आठवलं. दसऱ्याच्या आसपास फोन आपोआप गाणं वाजवायला लागला होता. तो चूप व्हावा म्हणून मी घाबरून काय काय दाबलं होतं. माहीत नसलेलं बटन मीच दाबलं होतं.

"दाबा," मॅडम म्हणाल्या. बाण निळे झाले आणि फोन टुंग टुंग वाजायला लागला. थांबेच ना. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. जोडीदार म्हणाला, "कोनाची वरात आली बे?"

मॅडम चष्मा सावरून वाचायला लागल्या. "मिस्ड व्हिडिओ कॉल. हाही व्हिडिओ कॉल. हाही." सगळे बाईच्या सुनेच्या नंबरावरून. ही जायच्या आधीच्या आठवड्यातले. शेंगा सोलल्या त्या दुपारचे दोन.

खाली एक फोटो होता. बाई उशीला टेकून बसलेली. केसांना तेल, अंगावर कोरी साडी, घडीच्या रेघा तशाच दिसणारी. सुनेनं लिहिलं होतं, "आई तयार होऊन बसल्या आहेत. मावशींना दाखवा."

"कोण आहेत या?" मॅडमनी विचारलं. मी सदऱ्याच्या टोकानं फोनची काच पुसली.

"आत्ताच लावायचा का? हे कॅमेऱ्याचं चित्र दाबलं की झालं. एवढंच."

एवढंच. आमच्या घरात चार महिने जे अडलं होतं, ते एका बोटाचं काम होतं. मी म्हणालो, घरून लावतो. त्या दिवशी लावला नाही. फोन पालथा घालून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि ते चित्र दाबलं. सुनेनं उचलला, फोन खाटेजवळ नेला.

"भाऊजी, नुसतं छत दिसून राहिलं," बाई म्हणाली. "तोंड कुठं आहे तुमचं?"

मी फोन नीट धरला. समोर बाईची हनुवटी, अगदी हिचीच.

"बाई, नेटवर्क होतं. सुरुवातीपासून होतं. मले लावता येत नव्हतं. तिले मी खोटं सांगितलं, अन् तुमालेही."

बाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. सून फोन धरून तशीच उभी. लाल बटन माझ्या अंगठ्याखाली होतं, दाबलं नाही.

मग भिंतीकडेच पाहत ती म्हणाली, "तिचं सैपाकघर दाखवा."

मी फोन घेऊन आत गेलो. आता ती वळून पाहत होती. "हळू. डोकं फिरते माझं. थांबा. फळीवरचा तो पितळी गंज आमच्या आईचा आहे. लग्नात तिनं हट्टानं मागून नेला. मी रुसली होती."

मी समजत होतो, ते भांडं आम्ही इथल्याच पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून घेतलं.

"काढा खाली. उलटा करा. बुडाशी आईचं नाव आहे."

उलटा केला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती, अर्धी झिजलेली.

"वाचा."

"मले लवकर वाचता येत नाही, बाई."

"हळू वाचा. मी कुठं चालली?"

मी गंज खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.