शांत डब्यातली पिशवी

"तू बघितलंस का? तुझ्या डोळ्यांनी?"

एवढं विचारून डोरीन पास्को गप्प व्हायची आणि समोरच्याचा चेहरा उतरेपर्यंत तशीच बघत राहायची. मलेट पॉइंटच्या धक्क्यावर कुणी म्हटलं, खाडीत शार्क शिरलाय, की तिचा हा प्रश्न ठरलेला. ती कामाला होती त्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कुणी कुजबुजलं, नवी मुकादमीण टॉवेल घरी नेते, तरी हाच प्रश्न. एकदा आमच्या पाद्रीबाबांनी स्वर्गाचं वर्णन जरा लांबवलं, तर मागच्या बाकावरून बाई तेच पुटपुटली. पाद्रीबाबा हसले, पण अर्ध्याच तोंडाने.

ती कालववाल्याची लेक. नदी समुद्राला मिळते त्या रुंद, सावकाश पाण्यात तिचा बाप कालवं पिकवायचा, आणि ओहोटी लागली की ही पोर मांड्यांपर्यंत चिखलात उतरून त्याच्या बरोबरीने काम करायची. मिटलेल्या शिंपल्यात काय आहे हे उघडल्याशिवाय बोलू नये, ही शिस्त तिथली. तिच्या बोटांवर शिंपल्याच्या धारेचे पांढरे वण होते, ते म्हातारपणीही उन्हात चमकायचे. पुढे एका उन्हाळ्यात कालवांवर रोग आला आणि नदी रिकामी झाली. तेव्हापासून डोरीन पहाटेच्या गाडीने सिडनीला जाऊ लागली आणि संध्याकाळच्या गाडीने परत येऊ लागली. नोकरी तिने केली, पण नदीला पाठ दाखवून कधी बसली नाही. येताना डावीकडची खिडकी, जाताना उजवीकडची.

बसायची ती शांत डब्यात. आमच्या लांबच्या गाड्यांना असा एक डबा असतो. तिथं बोलायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही. वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच जागांवर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि एकमेकांची नावंही पुरती ठाऊक नसतात. पण या मुक्यांच्या गावाचा एक कायदा होता. जो आधी येईल त्याने मागून येणाऱ्यासाठी शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवायची. पिशवी ठेवून खुशाल खाली उतरावं, कॉफी आणावी, फलाटावर पाय मोकळे करावेत. कुणी ती हलवत नसे, कुणाची म्हणून विचारत नसे. पिशवी ठेवली म्हणजे माणूस बसला. रेक्स हॅनलनचा खुबा बदलला तेव्हा अख्खा हिवाळा डोरीनची पिशवी त्याच्यासाठी दाराजवळच्या जागेवर बसून होती. विमा कंपनीतला हा रेक्स दर शुक्रवारी परस्पर क्लबात जायचा, हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ खेळायला. त्याच्या चामडी पिशवीत चार जड काळे गोळे असायचे. वळणावर ती पिशवी घरंगळली की सगळा डबा दचकायचा आणि मग गालात हसायचा.

सखीदाद या डब्यात त्या मानाने नवा होता. अफगाणिस्तानातला, हजारा जमातीचा माणूस, लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवायचा. बायको आणि मुलगी पाकिस्तानात, क्वेट्ट्यात अडकलेल्या, त्यांना इकडे आणायचा अर्ज सरकारात पडलेला. सुरुवातीला तो जागा असूनही दारापाशी उभा राहायचा. एके दिवशी डोरीनने शेजारची जागा हाताने थोपटली.

"बस की. तुझ्या उभं राहण्यानं माझे पाय दुखतात."

बसला. पुढे तिनेच त्याला डब्याचा कायदा शिकवला, अगदी कानाशी तोंड नेऊन. "आधी आलास तर माझ्या जागेवर पिशवी टाक आणि फिर कुठंही. इथं कुणी हात लावत नाही." तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. तिच्या आईचा केकचा पत्र्याचा डबा दोघांमध्ये ये-जा करायचा. डोरीनकडून जाताना त्यात लिंबं, नाहीतर सुक्या मेव्याचा केक, आणि त्याच्याकडून येताना कांद्याची पात भरलेल्या पोळ्या. डब्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिने पास्को असं लिहिलं होतं. आमच्याकडे गावजेवणाला जो तो आपापला पदार्थ नेतो आणि भांडी हरवतात, म्हणून प्रत्येक घरच्या भांड्याच्या बुडाला नाव असतं.

तो शुक्रवार उकाड्याचा होता. दुपार कलता कलता शहरात एक व्हॅन पदपथावर चढली आणि माणसं उडाली. एवढंच खरं. पण डोरीन धुलाईघरातून मोठ्या स्टेशनापर्यंत पोचली तोवर व्हॅनच्या तीन झाल्या होत्या, आणि बंदूकवालेही आले होते. गाड्या जागच्या जागी थांबवलेल्या. पाटीवर प्रत्येक गाडीपुढे उशीर, उशीर, उशीर. गर्दीत एक बाई छातीवर हात ठेवून सांगत होती, "एक जण नदीत उडी टाकून पळाला."

"तू बघितलंस का?" डोरीन चालता चालता म्हणाली.

"टाकलंय लोकांनी फोनवर!"

"म्हणजे नाही बघितलंस."

तिच्या गाडीच्या फलाटावर पिवळी पट्टी ताणलेली होती. गाडी उभी, दारं उघडी, आत माणूस नाही. पट्टीच्या अलीकडे शांत डब्यातले सगळे ओळीने उभे होते, आणि पलीकडे, खांबाला टेकून, हात मागे बांधलेला सखीदाद जमिनीवर बसला होता. दोन पोलीस त्याच्या डोक्यावर उभे. विणकाम करणारी लिनेट लोकरीचा गुंडा कुरवाळत होती. रेक्सने नेहमीची चामडी पिशवी पायाशी ठेवली होती.

"काय झालं रे?"

"बेवारस पिशवी सापडली," रेक्स म्हणाला. "खिडकीच्या जागेवर. हा ठेवून पळत होता."

"खिडकीच्या? माझ्या जागेवर?"

रेक्सने पाटीकडे बघितलं.

"हिरव्या दोरीची, फरशीच्या भुकटीने पांढरी पडलेली, तीच ना? रेक्स, ती पिशवी तू दोन वर्षं रोज बघतोस."

"डोरीन, आजच्या दिवसात कुणाची काय खात्री द्यायची? मी फक्त फोन केला. कुणीही केला असता."

"तू केलास!"

ती पट्टीखालून वाकून गेली. पोलीस ओरडले, ती थांबली नाही. खांबापाशी येऊन तिने आधी सखीदादकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि आवाज खाली गेला होता.

"खाला, तुम्ही आला नाहीत म्हणून बघायला उतरलो होतो. नाव लिहून घेतलंय माझं. पोलिसांत नाव गेलं की घरच्यांचा अर्ज गेला. त्यांना सांगा ना."

तिने सांगितलं. सार्जंट एक उंच, उन्हाने रापलेली बाई होती. तिने ऐकून घेतलं, पण मान हलवली. "पिशवीला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. माणसं येतायत ती फोडायला."

"फोडायला? त्यात पोळ्या आहेत! माझ्या आईचा डबा आहे, बुडाला माझं नाव आहे!"

"तुम्ही आत बघितलंय का आज?"

डोरीनचाच प्रश्न असा तिच्या तोंडावर आला. ती म्हणाली, "नाही बघितलं. पण पिशवी कुणाची, कशासाठी ठेवली, हे त्या ओळीतल्या प्रत्येकाने बघितलंय. विचार त्यांना."

सार्जंटबाईने विचारलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ही पिशवी कुणी ओळखतं का?

डब्यातली शांतता सगळ्यांनी उतरताना बरोबर आणली होती. कुणी घड्याळ बघितलं, कुणी बुटाची नाडी. लिनेटच्या सुया थांबल्या आणि पुन्हा चालू लागल्या. रागाने डोरीनचे कान तापले. लहानपणी कालवाची धार बोटात घुसली की पहिल्यांदा काहीच वाटायचं नाही, मग एकदम आग व्हायची, तशी तिला आग झाली.

"अरे, गोठलात की काय! रेक्स, तुझा खुबा कापला तेव्हा तुझ्या जागेवर कुणाची पिशवी होती रे? तेव्हा फोन नाही केलास तो!"

पोलिसांनी सगळ्यांना मागे ढकललं. फोडणाऱ्यांनी पिशवी यंत्राने उचलून फलाटाच्या पार टोकाला नेली; थोड्या वेळाने तिकडून धमाका झाला, आणि फलाटापलीकडच्या गर्दीत किंकाळ्या उठल्या. माणसं जिन्याकडे पळाली. दुसरा हल्ला, दुसरा हल्ला, असं ओरडत पळाली, आणि फोनांवर तो दुसरा हल्ला मलेट पॉइंटपर्यंत पोचलासुद्धा.

सार्जंटबाई परत आली तेव्हा तिच्या हातात पोचे पडलेला, एका बाजूने फाटलेला पत्र्याचा डबा होता. तो उलटा करून तिने बुडावरचं नाव वाचलं. कांद्याच्या पातीचा जळका वास सुटला होता.

"तुमचाच आहे," ती हळू म्हणाली.

तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला. व्हॅनच्या चालकाला गाडी चालवतानाच हृदयविकाराचा झटका आला होता. हल्ला नव्हता, गाड्या सुटतील. व्हॅन फुलांची होती. ज्यांनी तीन व्हॅन मोजल्या होत्या ते निमूट आपापले फलाट शोधू लागले.

"मग याला सोड," डोरीन म्हणाली.

सार्जंटबाईने सखीदादचे हात मोकळे केले, पण उठू दिलं नाही. "पिशवीचं प्रकरण वेगळं. बेवारस सोडून गेल्याची तक्रार आहे. तुम्ही ओळखीच्या, तुमचा शब्द पुरत नाही. डब्यातलं अजून एखादं माणूस सांगेल तर इथंच मिटवते. नाहीतर चौकीत न्यावं लागेल, आणि तिथं गेलं की गुन्हा नोंदला जाणार."

गाडीची शिट्टी झाली. डोरीन तो चेपलेला पत्र्याचा डबा काखेत धरून शांत डब्यात चढली.

सगळे जागेवर बसले होते. काच पुसून घेतल्यासारखी शांतता. रेक्सने तिच्यासाठी खिडकीची जागा धरली होती, चामडी पिशवी ठेवून. ती दिसताच त्याने जागा थोपटली.

"बस, डोरीन. दमली असशील."

डोरीनने दोन्ही हातांनी ती पिशवी उचलली. आतले गोळे एकमेकांवर आपटले.

"ही कुणाची?" ती शांत डब्यात पहिल्यांदाच पूर्ण आवाजात बोलली. "जड आहे. आत काळे गोळे आहेत. कुणी बघितलंत ठेवताना? कुणी ओळखता?"

"डोरीन, वेडेपणा करू नकोस, माझी आहे."

"तुझी? आजच्या दिवसात तुझी कुणी खात्री द्यायची? बोला ना! कुणीच नाही? मग बेवारस."

आणि तिने पिशवी दारातून फलाटावर ठेवली. टाकली नाही, ठेवली; दुसऱ्याची वस्तू फेकायची सवय तिला नव्हती. रेक्स खुबा सावरत, लालबुंद होऊन तिच्यामागे उतरला.

मग लिनेट उठली. लोकर मांडीवरून घरंगळली तिकडे तिने बघितलं नाही. ती दारात आली, उतरली आणि सार्जंटबाईपुढे उभी राहिली.

"ती हिरव्या दोरीची पिशवी मी रोज बघते," ती म्हणाली. आवाज बसलेला होता, त्या डब्यात कधी न वापरलेला. "आजही त्याला ठेवताना बघितलं. या बाईसाठी ठेवली. तो नेहमी ठेवतो."

सार्जंटबाईने सखीदादच्या नावावर आडवी रेघ मारली, कागद फिरवून त्याला दाखवला. तो उठला, पँट झटकली, आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसला.

लिनेट डोरीनकडे वळली. काहीतरी ऐकायची तिला आशा असावी.

"पिशवी फुटायच्या आधी तुला तोंड नव्हतं?" डोरीन म्हणाली. "बघितलं होतंस ना? तुझ्या डोळ्यांनी?"

लिनेट मागे पायरीपाशी सरकली.

डोरीनने फाटका डबा काखेत घट्ट केला, सखीदादची बाही धरली आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागली, जिकडच्या डब्यांत पोरं रडतात, माणसं भांडतात, फोन वाजतात. उतारवयातली बाई, पाय जड, पण चाल ओहोटीच्या चिखलात शिकलेली. प्रत्येक पाऊल उपसून पुढे टाकलेलं. मागे वळून तिने बघितलं नाही. शांत डब्याच्या काचांमागून सगळे बघत होते. लिनेट पायरीवर उभी राहून बघत होती. आणि गोळ्यांची जड पिशवी छातीशी धरून, गाडीत चढायचं विसरलेला रेक्स हॅनलन, ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत उभा होता.