सोळातली चौदा अक्षरे

धाकटे भाऊजी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेतले संगणक सांभाळत. रक्त तपासणारे यंत्र आपले आकडे एका वायरीतून संगणकाला पाठवी. वायर जिथे जोडलेली होती, त्या सिरियल पोर्टात एका वेळी सोळा अक्षरे मावत. किती जमली की कर्नलला, म्हणजे संगणकाच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामला, ती उचलायला हाक मारायची, हे भाऊजींनी ठरवायचे. त्यांनी चौदा ठरवले. सारखी हाक नको, संगणक पळेल. तो पळालाही, आणि भाऊजींची कॉलर ताठ झाली.

मग अहवालातले आकडे गळू लागले. यंत्रावर बसणाऱ्या ताई म्हणाल्या, "भाऊ, यंत्राच्या पडद्यावर सगळं दिसतं हो. एकदा येऊन तर बघा."

भाऊजी खुर्चीतूनच म्हणाले, "ताई, तुमचा हात थरथरतो. नळी तिरकी बसते."

तीन महिने ताई रबरी चेंडू दाबून हाताचा व्यायाम करत राहिल्या. पेशंटला पुन्हा टोचावे लागे, तेव्हा माफीही त्याच मागत. शेवटी डॉक्टरांनी यंत्रावर दुसरे कोणी बसवले आणि ताईंना नळ्या धुवायला लावले.

दोनच दिवसांनी भाऊजींना कर्नलने ठेवलेली नोंद दिसली. सांडलेली अक्षरे, सहाशे बारा. चौदा भरेपर्यंत हाक नाही, मग जागा उरे दोनच अक्षरांची. संगणक जरा कामात असला की पुढची अक्षरे गेलीच. त्यांनी गुपचूप चौदाचे चार केले. अहवाल पूर्ण येऊ लागले.

"हात बदलला, काम सुधारलं," डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी मान डोलावली.

त्या डोलावलेल्या मानेपायी घरी त्यांना घास गिळवेना. देवापुढे बसले, तर डोळे मिटवेनात. वहिनींनी खोदून विचारले, तेव्हा सगळे बाहेर आले.

"देवाला ठाऊक आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ठाऊक नाही ते ताईंना. तिकडे जा."

सकाळी ताई नळाशी उभ्या होत्या. भाऊजींनी फरशीकडे बघत सांगून टाकले. नळ वाहतच राहिला.

"म्हणजे माझा हात बरा होता," ताई म्हणाल्या. "आणि मी या हाताला काय काय बोलले."

"आत्ता डॉक्टरांना सांगतो."

ताईंनी नळ बंद केला. फळीवरचा चेंडू काढून भाऊजींच्या हातात ठेवला. "न्या. थरथरताय."

तो मुठीत घट्ट धरून त्यांनी दुसऱ्या हाताने डॉक्टरांचे दार वाजवले.