हिंगोलीची रहिवासी

नरसिंगचा शासनाशी संबंध आला तो रेशनच्या दुकानापुरता. गहू असो वा रॉकेल, कार्ड ज्या गावचे त्याच गावात मिळते, हे त्याने पुरते ओळखले होते. म्हणून २००१ साली थोरली मुलगी संध्या बारावी विज्ञान उत्तीर्ण झाली आणि तिला बी.एस्सी.साठी हिंगोलीच्या सरकारी वसतिगृहात घालायचे ठरले, तेव्हा कनेरगाव नाक्यापलीकडच्या वाडीतला हा मजूर आधी खेटे घालून कार्ड हिंगोलीत, मेहुण्याच्या पत्त्यावर, बदलून आला. रहिवासी दाखलाही तिथलाच काढला. बौद्धवाड्यात या हुशारीचे कौतुक झाले.

गृहपालबाईंनी गुण पाहून मान डोलावली. मग पत्ता पाहिला. या जागा खेड्यांतल्या मुलींच्या, शहरातल्या मुलीला इथे घेता येत नाही, असे त्यांनी सांगितले.

"बाई, आमी वाडीचेच हाओत. कार्ड तेवढं इथं, हिच्या मामाच्या घरी हाय."

"म्हणजे माणसं वाडीत अन् पोट हिंगोलीत?" बाई हसल्या. "मामाचं घर आहे ना? ठेवा तिथं लेकराला."

मामाचे घर म्हणजे एक खोली आणि सहा माणसे.

नियम संध्यासारख्या मुलींसाठीच केलेला होता; शहरातल्यांनी त्यांच्या जागा बळकावू नयेत, एवढाच त्याचा हेतू. कार्ड परत फिरवेपर्यंत मुदत संपली.

ती एस.टी.ने ये-जा करू लागली. प्रात्यक्षिके संपता संपता दिवस कलायचा. नाक्यावर उतरून वाडीपर्यंत अंधारात चालावे लागे. नरसिंग रोज न्यायला येई, आणि त्यापायी त्याला लांबच्या कामावर जाता येईना. दसऱ्यानंतर वाडीतली माणसे वीटभट्ट्यांवर निघाली, तेव्हा संध्याने कोणालाही न विचारता, प्राचार्यांची विनवणी करून, कला शाखेत नाव घातले. तिचे तास दुपारीच आटोपू लागले. बापाला तिने एवढेच सांगितले की कॉलेजची वेळ बदलली. शिष्यवृत्ती चालू राहिली. शासनाच्या आकड्यांत एकही मुलगी कमी झाली नाही.

पुढच्या जूनमध्ये, वाडीचा दाखला जोडल्यावर, वसतिगृहाने तिला विनातक्रार घेतले. सोबतची मुलगी विज्ञानाची होती. जेवण होताच ती पांढरा कोट घेऊन प्रयोगशाळेकडे निघाली.

"जाय की तूबी तिच्यासंगं," खोली न्याहाळत नरसिंग म्हणाला.

"मला तिकडं काम न्हाई, बाबा. मी गेल्या साली आर्ट्स घेतलं."

"काहून?"

तिने वळकटी खाली ठेवली. तो खाटेच्या कडेला बसला.

"म्या नाक्यावर येत व्हतो म्हणून?"

"व्हय," संध्या म्हणाली, आणि वळकटी सोडू लागली.